हॉस्टेलच्या वायफायची एक दांडी आणि लिनक्सची वीस वर्षं

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहूनही ठेवतेय. बोलताना जे 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' झालं, तेवढं काढलंय. बाकी सगळं तसंच.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत, किल्ले नाहीत. तह मात्र आहेत, फितुरीचे आरोप आहेत, आणि वेढा तर आहेच. लिनक्सवर वायरलेस कार्ड चालवणं ही गोष्ट एकेकाळी एवढी अवघड का होती, ती सोपी कुणी केली, आणि त्या लोकांचं आपण काय देणं लागतो, हे आज सांगायचंय. पण सुरुवात माझ्यापासून करते, कारण मी या इतिहासात शिरले तीच एका रात्री अडकून पडले म्हणून.

सगळं ठीक आहे बाबा

साल २०१६. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला. आमचं गाव तासगावकडचं, द्राक्षबागांचं. बेदाण्याचे पैसे हातात आले तेव्हा बाबांनी सांगलीला नेऊन मला लॅपटॉप घेऊन दिला. विंडोजवाला महाग होता, म्हणून 'डॉस'वाला घेतला. आपल्याकडे कित्येकांनी असाच घेतलाय, माहितीये तुम्हाला. दुकानदार म्हणाला, "टाकून देतो की विंडोज, काळजी कशाला करता!" आणि त्यानं कुठलीतरी कॉपी टाकून दिली. तीन महिन्यांत त्या कॉपीत एवढे व्हायरस झाले की फोल्डर उघडायला पाच मिनिटं.

हॉस्टेलवर थर्ड इयरची एक ताई होती, तिच्या पेनड्राइव्हवर उबुंटू १६.०४ होतं. एका शनिवारी मी सगळं पुसून टाकलं आणि लिनक्स चढवलं. स्क्रीन आली, आवाज आला, सगळं पळायला लागलं. फक्त वायफाय नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. कार्ड दिसत होतं, यादी उघडत होती, पण यादी रिकामी. लॅपटॉप हातात धरून कॉरिडॉरमध्ये राउटरच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिले, तर एक दांडी. दोन पावलं मागं आले की गायब.

सोमवारी मिनी प्रोजेक्टचं सबमिशन. जुनं विंडोज पुसलेलं. त्यात बाबांचा फोन. "चालतोय ना गं नीट लॅपटॉप?"

"हो बाबा, एकदम मस्त."

खोटं बोलले. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. वाटलं, मी तो बिघडवला. वर्षभराच्या बेदाण्यातले पैसे मी एका शनिवारी घालवले.

दुभाषी नसेल तर

आता थोडं थांबून समजून घेऊ की अडतं कुठं.

लॅपटॉपच्या आत वायफायचं छोटंसं कार्ड असतं. ते खरं म्हणजे एक रेडिओ आहे: पाठवणारा आणि ऐकणारा, दोन्ही. ऑपरेटिंग सिस्टिमला त्या रेडिओची भाषा येत नाही. मधे एक दुभाषी लागतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. चिपच्या कुठल्या रजिस्टरमध्ये कुठला आकडा लिहिला की चॅनल बदलतो, कुठला लिहिला की पॉवर वाढते, हे सगळं ड्रायव्हरला पाठ असावं लागतं. आणि ते ज्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं, ती कागदपत्रं असतात चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कपाटात.

दुसरी गोष्ट फर्मवेअर. बऱ्याच कार्डांच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. वीज गेली की तो विसरतो, म्हणून प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू झाल्यावर ड्रायव्हरनं तो पुन्हा भरायचा. दुभाषी आहे पण फर्मवेअरची फाइल नाही, तरी कार्ड मुकंच.

कंपन्या विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः लिहून सीडीवर द्यायच्या. लिनक्स वापरणारे होते किती? मूठभर. त्यांच्यासाठी कोण पैसे खर्च करणार! शिवाय दोन कारणं नेहमी सांगितली जायची. एक, आमची गुपितं प्रतिस्पर्ध्याला कळतील. दुसरं जरा वजनदार होतं: हा रेडिओ सॉफ्टवेअरनं चालतो, उद्या कुणी कोड बदलून परवानगी नसलेल्या फ्रिक्वेन्सीवर प्रसारण केलं, तर सरकार आम्हाला धरेल.

आणि यात सगळ्यात वैताग आणणारी गंमत: ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर. आधी कोंबडी की आधी अंडं!

गल्ल्यापासून सुरुवात

मुळात वायफाय आलं कुठून? १९८५ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगानं काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यातलाच एक २.४ गिगाहर्ट्झचा, ज्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो. एनसीआर नावाची कंपनी दुकानांतले गल्ले, म्हणजे कॅश रजिस्टर, बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या वायरी उखडाव्या लागत. म्हणून नेदरलँड्समधल्या त्यांच्या इंजिनिअर मंडळींनी बिनवायरीचं जाळं बनवलं, त्याचं नाव वेव्हलॅन. तिथलेच व्हिक हेझ पुढे आयईईईच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षं त्यांनी ती समिती चालवली. पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, ११ मेगाबिटचं. वायफाय हे नावही १९९९ चंच.

इकडे १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, छंद म्हणून, असं जाहीर केलं होतं. तेव्हा वायफाय हा शब्दच नव्हता. १९९६ मध्ये एचपीमध्ये काम करणाऱ्या जाँ टुरिए यांनी लिनक्ससाठी 'वायरलेस एक्स्टेन्शन्स' लिहायला घेतलं. म्हणजे कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, नेटवर्कचं नाव, चॅनल, पासवर्ड सांगायची पद्धत एकच. त्यांची 'आयडब्ल्यूकॉन्फिग' ही कमांड आपल्या आधीच्या पिढीनं अक्षरशः लाखो वेळा टाईप केली असेल.

त्या सुरुवातीच्या कार्डांचं बरं होतं. ती महाग होती, पण वायफायचं बरंचसं काम स्वतःच करायची. ड्रायव्हर लहान असला तरी भागायचं. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी प्रिझम नावाच्या चिपसाठी 'होस्टएपी' ड्रायव्हर लिहिला, त्यानं तर साधा संगणक राउटरसारखा वापरता यायला लागला. त्यांचंच दुसरं काम म्हणजे 'डब्ल्यूपीए सप्लिकंट'. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

भारतात यातलं काही सर्रास दिसत नव्हतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याशिवाय वापरायला मोकळीक मिळाली ती २००५ च्या जानेवारीत. मी तेव्हा प्राथमिक शाळेत.

अंधार आणि एक जुगाड

२००३ च्या मार्चमध्ये इंटेलनं सेंट्रिनो आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आतूनच यायला लागलं. जगभर विक्री वाढली, किमती उतरल्या. पण किंमत उतरवायची तर चिपमधलं काम कमी करायला हवं. मग वायफायचं बरंचसं काम चिपमधून काढून संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलं गेलं. म्हणजे ड्रायव्हरनं आता नुसता दुभाषी राहून चालणार नव्हतं, निम्मा कारभारही त्यानंच बघायचा. आणि लिनक्समध्ये हा कारभार बघणारी एकच सामाईक यंत्रणा नव्हती. ज्यानं त्यानं आपापली चूल मांडलेली.

सेंट्रिनो आलं तेव्हा लिनक्ससाठी ड्रायव्हर नव्हता. इंटेलनं तो प्रकल्प २००४ मध्ये सुरू केला. अथेरॉसच्या चिपसाठी 'मॅडवायफाय' होता, पण त्याच्या पोटात एक बंद तुकडा होता, ज्याचा कोड कुणाला दिसत नव्हता. आणि ब्रॉडकॉम? ज्याच्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप निघाली, त्यानं निमूटपणे वायर लावायची.

अशा वेळी एक जुगाड आला, आणि तो कसला भारी होता बघा. २००३-०४ च्या सुमारास स्वीडनच्या पाँटस फुक्स यांनी 'एनडीआयएसरॅपर' सुरू केलं, पुढे ते गिरिधर पेम्मसानी यांनी मोठं केलं. कल्पना अशी: कंपनी विंडोजचाच ड्रायव्हर देते ना? मग लिनक्सच्या आत विंडोजचा देखावा उभा करायचा. विंडोजचा ड्रायव्हर त्यात आणून बसवायचा. तो ज्या ज्या विंडोजच्या फंक्शनला हाक मारेल, त्या प्रत्येक हाकेला लिनक्सनं विंडोजच्या आवाजात ओ द्यायची. ड्रायव्हरला कळतही नाही की आपण परक्या घरात आहोत.

हजारो लोकांचं काम झालं. पण कर्नलवाली मंडळी नाराज होती. ज्याचा कोड दिसत नाही असा तुकडा कर्नलच्या गाभाऱ्यात गेला की काही बिघडलं तर कारण शोधता येत नाही. अशा तुकड्यामुळे कर्नल स्वतःवर 'टेंटेड', म्हणजे डागाळलेला, अशी खूण करून ठेवतो. दुसरा मुद्दा पुढचा होता: जुगाडानं भागतंय म्हटल्यावर कंपनी खरा ड्रायव्हर कशाला देईल?

मला दोन्ही बाजू पटतात. रात्री अकरा वाजता सबमिशन डोक्यावर असलेल्या पोरीला तत्त्वं सांगून उपयोग नसतो. पण सगळेच जुगाडावर समाधान मानून बसले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं, हेही खरं.

राउटरच्या पोटातलं गुपित

पुढचा धागा एका निळ्या-काळ्या डब्यात सापडला. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर. २००३ च्या जूनमध्ये अँड्र्यू मिक्लस यांनी कर्नलच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं की या राउटरच्या आत लिनक्स आहे, पण कंपनीनं त्याचा सोर्स कोड दिलेला नाही. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याचा नियम साधा: वापरा, विका, पैसे कमवा, पण ज्याला विकलं त्याला कोड द्या. त्याच वर्षी सिस्कोनं लिंक्सिस विकत घेतली होती, त्यामुळे प्रश्न थेट मोठ्या घराच्या दारात गेला. कोड बाहेर आला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

पण त्या राउटरमधली वायफायची चिप होती ब्रॉडकॉमची, आणि तिचा ड्रायव्हर मात्र बंदच होता. फक्त यंत्राला कळणारे आकडे. तरीही तो लिनक्सवर चालणारा ड्रायव्हर होता, आणि तो आता लोकांच्या हातात होता.

काही डेव्हलपर एकत्र आले आणि त्यांनी तो उलटा वाचायला घेतला. यात कायद्याची अडचण मोठी. दुसऱ्याचा कोड बघून तसाच लिहिला तर ती नक्कल. म्हणून त्यांनी दोन गट केले. पहिला गट बंद ड्रायव्हर उलगडून बघणार आणि चिप कशी वागते एवढंच साध्या भाषेत लिहून ठेवणार. दुसरा गट त्या मूळ फाइलकडे ढुंकूनही बघणार नाही, फक्त लिहिलेलं वर्णन वाचून नव्यानं ड्रायव्हर लिहिणार. समजा, एकानं शेजारच्या काकूंच्या पुरणपोळीची चव घेऊन काय काय आहे ते कागदावर लिहिलं, आणि ज्यानं ती पोळी कधी चाखलीच नाही त्यानं त्या कागदावरून पोळी केली. दोघांत पडदा पक्का.

हे काम २००५ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं आणि २००६ च्या जूनमध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये 'बीसीएम४३एक्सएक्स' या नावानं गेलं. कंपनीनं एक पान कागद दिला नव्हता. फर्मवेअर वाटायची परवानगीही नव्हती, म्हणून एक वेगळं हत्यार बनवलं: तुम्ही कंपनीचा ड्रायव्हर स्वतः डाउनलोड करायचा आणि त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. त्याचं नावच 'फर्मवेअर कटर'!

सगळं गोडीगुलाबीत झालं असंही नाही. २००७ मध्ये याच ड्रायव्हरवरून लिनक्स आणि ओपनबीएसडीच्या लोकांत जाहीर भांडण झालं. आमचा कोड परवाना मोडून उचलला, असा लिनक्सवाल्यांचा आरोप. आधी खाजगीत का नाही बोललात, असा पलीकडचा राग. शेवटी ओपनबीएसडीच्या डेव्हलपरनं आपला ड्रायव्हरच काढून टाकला. चांगल्या कामातली माणसंही कशी एकमेकांना दुखावतात, याचं हे उदाहरण.

वेढा उठतो

यानंतर मात्र गोष्टी भराभर बदलल्या. डिव्हाइसस्केप नावाच्या कंपनीनं २००६ मध्ये आपली वायफायची पूर्ण यंत्रणा मोकळी करून दिली. तिच्यावर बरंच काम करून ती २००७ मध्ये २.६.२२ या कर्नलमध्ये आली: 'मॅक८०२११'. मघाशी म्हटलं ना, ज्याची त्याची चूल वेगळी? आता सामाईक स्वयंपाकघर झालं. प्रत्येक ड्रायव्हरनं फक्त आपल्या चिपचं बघायचं, बाकी कारभार एका जागी.

२००७ च्या जानेवारीत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना उघड निमंत्रण दिलं: तुम्ही फक्त माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, हवं तर गुप्ततेच्या करारावर सहीही करतो. २००८ मध्ये अथेरॉसनं 'एथ९के' हा पूर्ण मोकळा ड्रायव्हर दिला, आणि त्याच वर्षी जुन्या चिपच्या त्या बंद तुकड्याचा कोडही बाहेर आला. कुठल्या देशात कुठले चॅनल चालतात याची सामाईक यादीही त्याच सुमारास तयार झाली, म्हणजे सरकार धरेल या भीतीवर उत्तर मिळालं. आणि ९ सप्टेंबर २०१० रोजी ब्रॉडकॉमनं आपल्या नव्या चिपसाठी मोकळा ड्रायव्हर जाहीर केला. ज्यांनी ब्रॉडकॉमच्या कार्डापुढे रात्री घालवल्या होत्या, त्यांचा आधी विश्वासच बसेना.

कंपन्यांना अचानक पाझर फुटला का? मला वाटतं दोन गोष्टी झाल्या. एक, उलटं वाचून का होईना पण लोक ड्रायव्हर लिहितातच, हे सिद्ध झालं होतं. मग लपवून काय मिळवायचं? दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे. ज्याला फोनमध्ये आपली वायफाय चिप विकायची, त्याला लिनक्स टाळून चालणार नव्हतं. आणि तुमचा अँड्रॉइड फोन आत्ता वायफायला जोडलेला असेल, तर पासवर्डची देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम कुठला? तोच, यौनी मालिनेन यांचा डब्ल्यूपीए सप्लिकंट.

एल डब्ल्यू फिंगर

आता परत माझ्या हॉस्टेलवर.

रात्री साडेअकराला ताईनं माझा लॅपटॉप मांडीवर घेतला. 'एलएसपीसीआय' टाईप करून कार्डाचा नंबर बघितला, फोनवर शोधलं, आणि म्हणाली, "अगं, बिघडलं काही नाहीये. याला ऐकूच येत नाहीये."

झालं होतं असं. वायफाय कार्डाला अँटेनाच्या वायरी लावायला दोन जागा असतात. खर्च वाचवायला लॅपटॉप जोडणाऱ्यांनी एकच वायर लावली होती, आणि ती कुठल्या जागी लावलीय याची नोंद कार्डाच्या छोट्या मेमरीत चुकीची होती. ड्रायव्हर बिचारा नोंद वाचून रिकाम्या जागेला कान लावून बसला होता. उपाय एका ओळीचा: ड्रायव्हरला सांगायचं, बाबा रे, अँटेना नंबर २ वापर. पण ती ओळ समजायला माझ्या उबुंटूतल्यापेक्षा नवा ड्रायव्हर लागत होता. तो डाउनलोड करायला इंटरनेट हवं. कोंबडी, अंडं.

ताईनं स्वतःचा फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडला आणि टेदरिंग चालू केलं. जिओ नुकतंच आलेलं, डेटा फुकट. गंमत बघा, फोनच्या आत लिनक्स, लॅपटॉपमध्ये लिनक्स, आणि दोघं केबलवरून बोलत होते मायक्रोसॉफ्टच्या प्रोटोकॉलमध्ये. मग 'गिट क्लोन', पुढे एक पत्ता, त्यात एक नाव: एलडब्ल्यूफिंगर. मेक. मेक इन्स्टॉल. टर्मिनलवरून ओळी पळत गेल्या. मॉड्यूल काढून पुन्हा घातलं, आणि यादी भरली. हॉस्टेलची दोन नेटवर्क, समोरच्या पीजीचं एक, खालच्या झेरॉक्सवाल्याचं एक. चार दांड्या. मी खरंच रडले.

पुढची अडीच वर्षं कर्नल अपडेट झाला की वायफाय पुन्हा गायब व्हायचं आणि मी पुन्हा त्याच पत्त्यावर जाऊन मेक करायचे. प्रत्येक वेळी तिथे नवा, दुरुस्त केलेला कोड असायचाच. एलडब्ल्यूफिंगर ही कुठलीतरी संस्था असेल, पाच-दहा जणांची टीम असेल, असं मी धरून चालले होते.

२०२४ च्या जूनमध्ये बातमी वाचली. लॅरी फिंगर गेले. वय ८४.

एक माणूस होता तो. पूर्ण नाव लॅरी डब्ल्यू. फिंगर. आयुष्यभराचं काम सॉफ्टवेअरचं नव्हे. वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत ते खनिजांच्या स्फटिकांचा अभ्यास करायचे. एल साल्वादोरमधल्या इसाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून 'फिंगराइट' म्हणतात. निवृत्तीनंतर हा माणूस लिनक्सच्या वायफायकडे वळला. मघाशी सांगितलेल्या ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरवर त्यांनी काम केलं, मग रिअलटेकच्या चिप्सचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं सांभाळले. कंपनीकडून आलेला कोड नीट करून कर्नलमध्ये घालायचा, ज्यांचा कर्नल जुना त्यांच्यासाठी वेगळी प्रत ठेवायची, आणि अडलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. स्वस्त लॅपटॉपमध्ये स्वस्त चिप असते, आणि स्वस्त लॅपटॉप घेणारे आपल्यासारखे असतात. म्हणजे ते कुणासाठी काम करत होते, बघा.

मी त्यांना कधी एक ओळीचं थँक्यूसुद्धा पाठवलं नाही. पत्ता समोर होता, प्रत्येक वेळी. डाउनलोड केलं, काम झालं, टर्मिनल बंद.

मला यातलं दुसरंही काही टोचतं. चिप विकून पैसे कंपनीनं घेतले, लॅपटॉप विकून दुसऱ्या कंपनीनं घेतले, आणि त्यांची राहिलेली कामं एक निवृत्त शास्त्रज्ञ घरी बसून निस्तरत होता. आपण याला ओपन सोर्सची ताकद म्हणतो. ताकद आहेच, नाही कशाला म्हणू! पण एवढा भार एका खांद्यावर असणं ही व्यवस्था म्हणून काही बरी गोष्ट नाही. आज त्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे इंजिनिअर कर्नलमध्ये कोड पाठवतात, ही मोठी सुधारणा आहे. ती घडेपर्यंतची मधली वर्षं अशा माणसांनी तोलून धरली.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक इंटर्न आली. नवाकोरा लॅपटॉप, त्यावर जुनी लिनक्स, आणि वायफाय गायब. चेहरा पाहूनच मला सगळं कळलं. मी खिशातून केबल काढली, फोन जोडला, नवा कर्नल घेतला, रीबूट. दहा मिनिटांत झालं. "झालं पण ताई?" म्हणाली. मग मी तिला एक कमांड दाखवली, 'मॉडइन्फो'. ड्रायव्हरचं नाव दिलं की त्याची माहिती येते, आणि त्यात एक ओळ असते ऑथरची. कुणी लिहिला, त्याचं नाव.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर आज करून बघा. जे नाव येईल त्यातला माणूस हयात असेल, तर दोन ओळींची मेल टाका. इंग्रजी कसंही असू दे, चालतं.

आणि हो, त्या शनिवारची गोष्ट मी बाबांना या दिवाळीत सांगितली. ते हसले, म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. तू मस्त म्हणालीस ना, तो आवाज मस्तवाला नव्हता."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.